सहा किलोमीटरची सपाटी: ट्रिस्टन दा कुन्हावर सगळी माणसं एकाच पट्टीत का राहतात?

फोनवर अधूनमधून एक फोटो फिरत असतो. हिरवी पट्टी, तिच्यावर रंगीत छपरांची ठेंगणी घरं, पुढं काळसर समुद्र आणि पाठीमागं भिंतीसारखा उभा कडा. कड्याचं डोकं ढगात गेलेलं. खाली ओळ असते, ‘जगातलं सगळ्यात दुर्गम गाव’. गाव खरं आहे आणि वर्णनही खरं आहे. एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज हे त्याचं नाव. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन दा कुन्हा नावाच्या ब्रिटिश बेटावर ते वसलंय. वस्ती असलेली सगळ्यात जवळची जागा म्हणजे सेंट हेलिना बेट, तेही सुमारे 2,400 किलोमीटरवर. केपटाउन सुमारे 2,800 किलोमीटर. लोकसंख्या अडीचशेच्या आत.

फोटो पाहून बहुतेकांना प्रश्न पडतो तो अंतराचा. खरा कोड्यात टाकणारा प्रश्न दुसराच आहे. बेट चांगलं 98 चौरस किलोमीटरचं आहे. मग ही मूठभर माणसं कड्याच्या पायथ्याशी, एका अरुंद पट्टीवरच का दाटली आहेत? या पट्टीला तिथले लोक ‘सेटलमेंट प्लेन’ म्हणतात, म्हणजे वस्तीचं मैदान. ट्रिस्टनचा भूगोल आणि दोनशे वर्षांचा इतिहास समजून घ्यायचा तर हे मैदान समजलं की पुरतं.

## आधी बेटाचा आकार

शंकूच्या आकाराचा एक डोंगर डोळ्यांसमोर आणा आणि त्याचा खालचा घेर चारी बाजूंनी सुरीनं उभा कापून टाका. ट्रिस्टन साधारण असं दिसतं. बेट जवळजवळ गोल आहे, व्यास अकरा-बारा किलोमीटर. मधोमध क्वीन मेरीज पीक हे शिखर, उंची सुमारे 2,060 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरनं जास्त. शिखरापासून उतार खाली येत येत एका तिरक्या पठारावर येतो. त्या पठाराला स्थानिक लोक ‘बेस’ म्हणतात. आणि मग बेस एकदम संपतो. तिथून खाली समुद्रापर्यंत शेकडो मीटरचा कडा, गावामागं तर जवळपास 600 मीटरचा.

ही कापाकापी समुद्राची आहे. बेटाभोवती लाटा अडवायला प्रवाळाची भिंत नाही, किनाऱ्यालगत उथळ समुद्रतळही फारसा नाही. हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेली लाट थेट डोंगराच्या पायावर आदळते, पाया पोखरते, वरचं ढासळतं, की पुन्हा नवा पाया पोखरायला सुरुवात. म्हणून बहुतेक किनाऱ्यावर उभं राहायलाही जागा नाही. सपाटीचे तुकडे आहेत ते मोजके: पूर्वेला सँडी पॉइंट, दक्षिणेला स्टोनी बीच आणि त्याच्या आसपासची थोडी जमीन, आणि वायव्येला आपलं हे मैदान. लांबी साधारण सहा किलोमीटर, रुंदी फार तर एक किलोमीटर. ‘मैदान’ म्हणायचं ते इतरांच्या तुलनेत. प्रत्यक्षात ते समुद्राकडं उतरतं आहे, मधूनमधून घळींनी चिरलेलं आहे, आणि समुद्राशी भिडताना तिथंही एक सखल कडा आहेच.

## सुई जागेवर, कापड पुढं

इतक्या खोल महासागरात डोंगर आला कुठून? याचं उत्तर ‘तप्तबिंदू’ या एका शब्दात आहे. पृथ्वीच्या पोटात काही जागी खोलवरून जास्तीची उष्णता वर येत राहते, ती जागा म्हणजे तप्तबिंदू. त्याच्या वरून भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, वर्षाला काही सेंटीमीटर या वेगानं सरकत असतो. शिवणयंत्राची सुई जागेवरच वरखाली होते आणि कापड पुढं जातं, तसं. कापडावर टाक्यांची रांग उमटते, समुद्रतळावर डोंगरांची.

ट्रिस्टनच्या टाक्यांची रांग आजही आहे. वॉल्व्हिस रिज नावाची समुद्राखालची डोंगररांग ट्रिस्टनच्या परिसरातून निघून आफ्रिकेतल्या नामिबियाच्या किनाऱ्याला जाऊन टेकते. तिथं आणि पलीकडं ब्राझीलमध्ये लाव्हाचे प्रचंड थर आहेत, सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा दोन्ही खंड चिकटलेले होते. बहुतेक भूवैज्ञानिक या थरांचा संबंध ट्रिस्टनच्या तप्तबिंदूशी जोडतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, तो दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी असाच ओतला गेला, आणि त्या तप्तबिंदूचा आजचा पत्ता हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे. ब्राझील-नामिबियाचं ट्रिस्टनशी जे नातं, तेच दख्खनचं रियुनियनशी.

मात्र रांग जुनी असली तरी खुद्द ट्रिस्टन बेट पोरसवदा आहे. पाण्याबाहेर दिसणारा डोंगर दहा लाख वर्षांच्या आतला. म्हणजे तो अजून घडतोच आहे.

## डोंगराची बाजू कोसळली तिथं मैदान झालं

भराभर वाढलेला ज्वालामुखी आतून एकजीव नसतो. घट्ट लाव्हाचा थर, त्यावर भुसभुशीत राख, पुन्हा लाव्हा, पुन्हा राख. थरांमध्ये पाणी मुरतं, बाजू जड होते आणि कधीतरी डोंगराचा अख्खा काप सुटून समुद्रात जातो. माळीणसारखी दरड म्हणजे डोंगराच्या अंगावरची माती घसरणं. इथं डोंगराची कूसच जाते. ट्रिस्टनची वायव्य बाजू अशीच गेली. समुद्रतळाच्या मोजणीत या बाजूला दूरवर पसरलेला तो ढिगारा सापडला आहे.

कोसळल्यावर मागं राहिली ती अर्धवर्तुळाकार खोबण, आणि ती खोबण नंतर भरत गेली. भरली ती दोन प्रकारांनी. एक, छोट्या उपशंकूंनी. मुख्य शिखरातूनच लाव्हा यावा असा नियम नाही. कुशीतल्या फटीतून तो कुठंही वर येतो आणि छोटी टेकडी तयार करतो. मैदानाच्या पश्चिम टोकाजवळच्या हिलपीस आणि बर्न्टवुड या टेकड्या अशाच. दुसरा हात घळींचा. गावात वर्षाला सुमारे 1,650 मिलिमीटर पाऊस पडतो, बेसवर त्याहून जास्त. हे पाणी कड्यावरच्या घळींतून दगड, राख, माती घेऊन धाडधाड खाली येतं आणि सपाटीवर पोचताच वेग गमावून ओझं टाकून देतं. गल्लीच्या तोंडाशी पावसाळ्यात वाळू पंख्यासारखी पसरते ना, तसे इथं दगडमातीचे पंखे एकमेकांत मिसळून जमीन झाली.

म्हणजे मैदानाची प्रत्येक मूठ माती एकतर लाव्हातून आली आहे किंवा दरडीतून. पुढं काय झालं ते समजायला हे लक्षात ठेवायला हवं.

## नाव कुन्हाचं, वस्ती एका कॉर्पोरलची

1506 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताँव दा कुन्हा हिंदुस्थानच्या वाटेवर असताना त्याच्या ताफ्याला ही बेटं दिसली. त्या मोहिमेत त्याच्याबरोबर आफोन्सो द आल्बुकर्क होता, चार वर्षांनी गोवा घेणारा. आणि कुन्हाचा मुलगा नुनो दा कुन्हा पुढं पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला. 1530 मध्ये राजधानी कोचीहून गोव्याला आली ती त्याच्या काळात, आणि 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडं गेली तीही त्याच्याच काळात. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकली ती ही वसई. बापाचं नाव निर्जन बेटाला चिकटलं, मुलाचं आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाला.

बापाला मात्र बेटावर उतरता आलं नाही. किनाऱ्यावर पाय ठेवल्याची पहिली नोंद 1643 ची, डच जहाजाची. नंतर सील या समुद्री प्राण्याची शिकार करणारे येऊन गेले. 1810 च्या अखेरीस जोनाथन लॅम्बर्ट हा अमेरिकन माणूस आला, स्वतःला बेटाचा मालक म्हणवू लागला आणि 1812 मध्ये बुडाला.

कायमची वस्ती झाली ती नेपोलियनमुळं. त्याला सेंट हेलिनावर डांबलं होतं. सुटकेसाठी कुणी ट्रिस्टनचा तळ वापरील या धास्तीनं ब्रिटिशांनी 14 ऑगस्ट 1816 ला बेट ताब्यात घेऊन सैन्याची तुकडी ठेवली. वर्षभरात तुकडी परत बोलावली. तेव्हा स्कॉटलंडच्या केल्सोचा कॉर्पोरल विल्यम ग्लास बायकामुलांसह राहतो म्हणाला, त्याच्याबरोबर सॅम्युअल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल. 7 नोव्हेंबर 1817 ला त्यांनी एक करार लिहिला: जनावरं आणि सामान सगळ्यांच्या समान मालकीचं, नफा समान, खर्चही समान, आणि कुणीही कुणाच्या वरचढ नाही. आजही तिथं जमीन सामाईक आहे आणि बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही. मुळात पट्टीच एवढी आखूड की एकानं कुंपण वाढवलं तर दुसऱ्याच्या ताटातलं गेलंच.

पुढं 1827 मध्ये सेंट हेलिनाहून पाच स्त्रिया लग्नासाठी आल्या. जहाजं फुटली, खलाशी राहिले: डच ग्रीन, अमेरिकन हेगन आणि रॉजर्स, 1892 मध्ये इटालियन लावारेलो आणि रेपेटो. गावातली आडनावं अजूनही बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

## मैदानावर पिकतं काय?

बटाटा. गावापासून सुमारे तीन किलोमीटर नैर्ऋत्येला ‘पॅचेस’ आहेत, बटाट्याचे वाफे. बेटावरचा एकमेव खराखुरा रस्ता गावातून तिथंच जातो. जवळ जाऊन पाहिलं तर कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटावं असं दृश्य: काळ्या दगडांचे, चुना-सिमेंटाशिवाय रचलेले गडगे आणि त्यांच्या आत खोलीएवढे ते वाड्याएवढे चौकोन. गडग्याचं काम दुहेरी. एक, मोकाट गुरं बाहेर ठेवायची. दोन, वारा मोडायचा. समुद्रावरून येणारा खारा वारा कोवळी पानं एका रात्रीत करपवतो. गडग्यात चुना-सिमेंट नसल्यानं वारा फटींतून गाळून येतो, वेग मरतो. भरीव भिंत असती तर वारा तिच्यावरून उडी मारून आतल्या बाजूला भोवरा करून आपटला असता.

ऋतू आपल्या उलट. लावणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, काढणी जानेवारीपासून पुढं. माती ज्वालामुखीची असली तरी पावसानं सत्त्व धुऊन जातं, त्यामुळं खत घालावंच लागतं. पूर्वी शेजारच्या नाइटिंगेल बेटावरून पेंग्विन आणि इतर पक्ष्यांची विष्ठा होडीनं आणत. जागा कमी म्हणून पीक फिरवायला वाव कमी, आणि त्याच त्या मातीत तेच पीक म्हणजे कीड-रोगाला आयतं घर. बटाटा एके काळी तिथं पैशाच्या जागी चालायचा.

धान्य का नाही? 1882 मध्ये हेन्री बी. पॉल हे जहाज किनाऱ्याला लागलं आणि त्यातून काळे उंदीर उतरले. त्यांनी धान्याची शेती संपवली. म्हणून वर्षातून एक दिवस सगळं गाव उंदीर मारायला बाहेर पडतं. मोजणी शेपट्यांवर होते आणि सगळ्यात लांब शेपटीला बक्षीस असतं.

गुरं-मेंढ्यांच्या संख्येवरही बंधन आहे, कारण चराऊ गवत एवढंच. घरांच्या टोकाच्या जाड भिंती मऊ ज्वालामुखी दगडाच्या. हा दगड कुऱ्हाडीनं तासता येतो. छपरावर पूर्वी गवत आणि नंतर न्यूझीलंड फ्लॅक्स नावाच्या लांब पात्याच्या झाडाचं शाकारण असायचं. आता पत्रे आहेत, आणि 21 मे 2001 च्या वादळात त्यातले कित्येक उडून गेले.

## 1961: मैदानातूनच लाव्हा

ऑगस्ट 1961 पासून जमीन हादरू लागली. कड्यावरून दगड सुटत होते. भिंती तिरक्या होऊन दारं अडकू लागली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावाच्या पूर्वेला, शेवटच्या घरांपासून काही शे मीटरवर, जमीन भेगाळली आणि तव्यावरची भाकरी फुगावी तशी वर येऊ लागली.

फुगली याचं कारण लाव्हाचा प्रकार. लाव्हातली सिलिका जितकी जास्त तितका तो घट्ट. हवाईतला लाव्हा पातळ, पाकासारखा धावतो. ट्रिस्टनला आला तो गार होत चाललेल्या काकवीसारखा, तोंडाशीच साचणारा. यामुळंच गावाला वेळ मिळाला. 9 ऑक्टोबरची रात्र लोकांनी पॅचेसवर काढली. दुसऱ्या दिवशी मासेमारीच्या दोन जहाजांनी त्यांना नाइटिंगेलला नेलं, तिथून डच प्रवासी जहाजानं केपटाउनला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते इंग्लंडमध्ये उतरले. एकही माणूस दगावला नाही.

1962 च्या सुरुवातीला रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेची तुकडी पाहणीला गेली. गाव जवळपास शाबूत होतं. गेलं होतं ते दुसरंच: शेवंडीचा, म्हणजे लॉब्स्टरचा कारखाना, आणि होड्या लावायच्या दोन्ही पुळणी. लाव्हाची जीभ थेट त्यांच्यावर पसरून समुद्रात गेली होती. मागं राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्या फाडल्या होत्या.

मला वाटतं, ट्रिस्टनबद्दल लिहिताना उद्रेकाच्या थराराखाली ही पुळणींची गोष्ट नेहमी दबून जाते. घरं वाचली तरी होडी लावायला जागा नसेल तर मैदानाचा उपयोग काय? आजच्या गावाची सगळी धडपड या एका नुकसानीभोवती फिरते.

## मग ते परत का गेले?

इंग्लंडमध्ये घरं होती, नोकऱ्या होत्या, दवाखाने होते. सरकारला वाटलं, लोक राहतील. डिसेंबर 1962 मध्ये मत घेतलं: परत जायच्या बाजूनं 148, विरोधात 5. 1963 मध्ये बहुतेक जण परतले.

यात नुसतं गावप्रेम नव्हतं. सामाईक जमीन, स्वतःचा वाफा, स्वतःची होडी असलेला माणूस साउथॅम्प्टनजवळच्या कॅलशॉट छावणीत राहून पगारी मजूर झाला होता. इंग्लंडमधला हिवाळा आणि तिथले आजार वयस्करांना सोसले नाहीत. त्यांचा हिशेब सरळ होता.

परतल्यावर 1965 ते 1967 च्या दरम्यान छोटं बंदर बांधलं, आणि त्याला नाव दिलं कॅलशॉट हार्बर. बंदर म्हणजे दोन हातांत धरलेलं डबकं. मोठं जहाज आत येत नाही; ते बाहेर नांगर टाकतं, माल तराफ्यांवर उतरतो. लाट थोडी वाढली की काम बंद. वर्षातले साधारण 60-70 दिवसच बंदर वापरता येतं. शेवंड पकडायला योग्य दिवस उजाडला की पहाटे गावात टांगलेला जुना गॅसचा सिलिंडर घंटेसारखा वाजवतात. तिथं त्याला ‘डाँग’ म्हणतात. तो ऐकला की होड्या पाण्यात. बेटाचं उत्पन्न बहुतांशी याच शेवंडीचं आहे. 2020 मध्ये भोवतालच्या सुमारे 6 लाख 87 हजार चौरस किलोमीटर समुद्राला संरक्षण जाहीर झालं, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा भाग. शेवंडीची मासेमारी बेटांजवळ चालू ठेवून उरलेल्या अफाट पाण्यात व्यापारी मासेमारीला बंदी, अशी ती व्यवस्था आहे.

## ‘धावपट्टी का नाही बांधत?’

हा आक्षेप नेहमी येतो. मैदान सहा किलोमीटरचं आहे, मग विमान उतरायला काय हरकत? पण मैदान समुद्राकडं कललेलं आहे आणि घळींनी कापलेलं आहे. सरळ सलग तुकडा काढायचा तर गाव किंवा चराऊ जमीन द्यावी लागेल. शेजारी 600 मीटरचा कडा. त्यावरून येणारा वारा खाली भोवरे करतो, आणि उतरताना विमानाला तेच सगळ्यात घातक. शिवाय ढग अचानक खाली आला तर वळायला पर्यायी विमानतळ हवा. तो 2,400 किलोमीटरवर आहे.

दुसऱ्या सपाटीवर का जात नाहीत? सँडी पॉइंट आणि स्टोनी बीचचा वापर गुरांसाठी, फळझाडांसाठी झाला आहे. पण तुकडे छोटे, पोचायचं होडीनंच, आणि उतरणं अजून कठीण.

## पुन्हा उद्रेक होईल?

होईल. कधी आणि कुठं, हे सांगता येत नाही, आणि ‘कुठं’ हाच अवघड भाग आहे. शिखर आणि उपशंकू हे कुठल्याही क्रमानं पेटत आले आहेत. 1961 च्या आधी कुणी गावाच्या शेजारी बोट ठेवलं नसतं. 2004 मध्ये भूकंपाचे धक्के बसले आणि समुद्रावर तरंगते सच्छिद्र दगड आले. तेव्हा उद्रेक पाण्याखाली झाला होता. धोका फक्त लाव्हाचाही नाही. अतिवृष्टीत घळीतून येणारा दगडगोट्यांचा लोंढा जास्त वारंवार येतो.

1961 चा शंकू आजही गावाशेजारी उभा आहे. त्याच्या लाव्हानं समुद्रात नवी जमीन ढकलली होती, ती लाटा तेव्हापासून कुरतडत आहेत.

## जायचं झालं तर

बेटाच्या मंडळाची आगाऊ परवानगी लागते. केपटाउनहून जहाज, वर्षातून मोजक्याच फेऱ्या, साधारण सहा-सात दिवस. जहाज गावासमोर येऊन नांगर टाकतं. घरांची धुराडी, पॅचेसकडं जाणारा रस्ता, 1961 चा काळा शंकू, सगळं डेकवरून साध्या डोळ्यांनी दिसतं. मग बंदराच्या तोंडाशी लाट फुटते की नाही ते पाहायचं. फुटत असेल तर तिथंच थांबायचं, एक दिवस, तीन दिवस, कधी त्याहून जास्त.